जलकुंभी कोणी आणली

३ ऑक्टोबर २००५

आल्या! मारोतरावच्या बोटी आल्या. तीन. दोन साध्या पत्र्याच्या आणि एक एवढी मोठी की ट्रकच्या मागं दोन हात बाहेर लोंबत होती. आख्खं बोरखडी गाव धरणाच्या काठावर जमा. पोरांच्या शिट्ट्या काय, नारळ काय, गुलाल काय! जणू धरणच आज भरलं.

मारोतराव मला बघून मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "आता पलीकडच्या लोकाइचा कापूस एका खेपेत ऐंशी पोते येईन! दहा-दहा पोत्याची भिकारखेप बंद!"

दहा पोत्यांची खेप म्हणजे आमची. बारा वर्षं धम्मरत्न आणि मी ती एक नाव चालवतो आहोत. शाळेची पोरं, दळण, बाळंतिणी, मयत — सगळं त्याच नावेतून पलीकडे नेलं-आणलं. भिकारखेप!

पण मला राग आला तो त्याचा नाही. म्हणजे आला, पण खरा राग नंतरचा.

मी त्या मोठ्या बोटीभोवती फिरले. बुडाशी वीतभर काळं पाणी साचलेलं. घाण वास. त्याच्या ड्रायव्हरला, लखीरामला, विचारलं की ही होती कशाच्या कामाची? तो साधा माणूस. त्यानं सांगून टाकलं — "जलकुंभी काढाची होती बाई. शहरातला तलाव पुरा भरला होता ना. आता त्याइनं लिलावात काढली."

जलकुंभी काढायची बोट! मी आत हात घातला. पत्र्याच्या सांध्यात मुळं अडकलेली, केसांच्या गुंत्यासारखी. आणि त्या काळ्या पाण्यात दोन रोपं — हिरवीगार. फुगलेल्या देठाची. जिवंत.

मी ओरडले. हो, ओरडलेच. बोट पाण्यात घालू नका म्हटलं. आठ दिवस उन्हात पालथी ठेवा, चुन्यानं धुवा, मग घाला. मारोतराव हसला. त्याच्यामागं बाकीचे हसले. एक जण म्हणाला, "धंदा बसला म्हून बोंबलून राह्यली!"

माझ्या हातात ती रोपं होती. कोणी बघितलीसुद्धा नाहीत.

४ ऑक्टोबर

माझ्या माहेरचा तलाव मी मरताना पाहिला आहे. आठवीत होते तेव्हा कोणीतरी फूल छान दिसतं म्हणून चार रोपं टाकली. जांभळं फूल. माझं लग्न झालं तोवर पाणी दिसत नव्हतं. म्हशी उतरेनात. मासे मरून काठाला लागायचे. बाबा त्या तलावावर जाळं टाकायचे. पुढं त्यांनी ते जाळं विकायला काढलं, तर घ्यायला कोणी आलं नाही. तलावच नाही तर जाळं कशाला?

हे सगळं मी आज धम्मरत्नला परत सांगितलं. त्यानं ऐकलं. म्हणाला, "जाऊ दे ना शीला. दुनियाभराचं तूच कायले घेते डोक्यावर?"

जाऊ दे! ह्याच पाण्यावर आपण जगतो आणि म्हणे जाऊ दे!

५ ऑक्टोबर

धरणाच्या ऑफिसात गेलते. नरहरसाहेब भेटले. सहा महिन्यांनी रिटायर होतात. टेबलावर फाईल नाही, पेपर. पेपरात कापसाचे भाव आणि खालीच आत्महत्यांचा आकडा. तो रोज असतोच. मी ती रोपं ओल्या फडक्यात बांधून नेली होती. टेबलावर ठेवली. साहेबांनी पेपर आधी बाजूला सरकवला, मग चष्मा लावला.

"जलपर्णी," म्हणाले.

"तेच. आन् त्या बोटीसंगं थे पान्यात चालली."

"शीलाबाई, पण नियम काय आहे? बोटीला परवाना लागतो, माणसं किती बसवायची ते ठरलेलं आहे. धुऊन, वाळवून आणा, असा नियम मी आजवर वाचला नाही. तुम्हाला माहीत असेल तर दाखवा."

मला इतका संताप आला! नियम नाही म्हणून पाणी नासवायचं? गोगलगाय, गवत, मासळीचं बी — ट्रकवर बसून काहीही या धरणात येऊ शकतं आणि तुमच्या कपाटात त्याला अडवणारा एक कागद नाही? हे सगळं मी बोलले. मोठ्यानं बोलले. शिपाई दारात येऊन उभा राहिला.

साहेबांनी कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. तिन्ही बोटी आठ दिवस काठावर, उलट्या, उन्हात. धुऊन दाखवल्याशिवाय पाण्यात घालू नये. "हे माझ्या जबाबदारीवर," म्हणाले. "किती दिवस टिकेल सांगता येत नाही."

पत्र घेऊन मी एस.टी.ने आले. रस्ताभर ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

७ ऑक्टोबर

आज सत्यभामाबाई आल्या. माझी मोठी नणंद, पलीकडे सिंदगव्हाणला दिलेली. आमच्याच नावेतून आल्या आणि नावेतून उतरता उतरताच सुरू झाल्या.

"शीले, तू बोटी अडवल्या म्हन्ते?"

म्हटलं हो.

"माह्या घरात बसाले जागा नाई. कापूस खाटीवर, कापूस चुलीपाशी. नाल्यावरचा रपटा वाहून गेला, बैलबंडी जात नाई. फिरून गेलं तं शेहेचाळीस किलोमीटर, आन् टेम्पोवाला जे भाडं म्हन्ते थे ऐकून छाती दबते. ढाणकीच्या जिनिंगवर भाव आज हाये तो उद्या नाई. आन् तू म्हन्ते आठ दिवस?"

मी रोपं, मुळं, माहेरचा तलाव — सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं.

"तुले पान्याची चिंता. मह्या कापसाची कोनाले?"

पाच गावं आहेत पलीकडे. धरण झालं तेव्हा रस्ता पाण्याखाली गेला, पूल बांधू म्हणाले, अजून बांधतच आहेत. आमच्या एका नावेनं पाच गावांचा कापूस निघत नाही हे मला कोणी शिकवायची गरज नाही. मोठी बोट पाहिजेच. मी कधी नको म्हटलं? आठ दिवस म्हटलं! फक्त आठ दिवस! बारा वर्षं पुलाची वाट बघता आणि आठ दिवस बोटीची बघवत नाही?

हे मी त्यांना बोलले नाही. चहा केला. त्या न पिता उठल्या.

धम्मरत्ननं त्यांना परत सोडलं. परत येऊन तो न जेवता झोपला.

८ ऑक्टोबर

तिसऱ्याच दिवशी पत्र रद्द. वरून फोन आला म्हणे. कोणाचा, ते साहेबांनी सांगितलं नाही.

दुपारी तिन्ही बोटी पाण्यात. मोठीच्या बुडातलं ते काळं पाणी त्यांनी काठावर ओतायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. बोट पाण्यात ढकलून, आडवी करून, तिथंच! माझ्या डोळ्यांदेखत!

मारोतराव जवळ आला. "काहून शीलाबाई, तुमचे लोक आता पान्याचेबी मालक झाले काय?"

तुमचे लोक.

मी त्याला म्हटलं — पाण्याला हात लावायचा हक्क आमच्या माणसांनी कसा मिळवला ते विचार कोणाला तरी. म्हणूनच त्याची किंमत आम्हाला तुझ्यापेक्षा जास्त आहे. — एवढं स्पष्ट नाही बोलले. अर्धं बोलले आणि आवाज फाटला. त्याचा मला अजून राग येतो. घरी आल्यावर शब्द सुचतात.

१२ ऑक्टोबर

दसरा. आज विहारात सगळे होते. कोणी माझ्याशी नीट बोललं नाही. पलीकडच्यांची सोयरीक आमच्याच गावात, प्रत्येकाचं कोणी ना कोणी तिकडं अडलेलं.

खरं लिहिते, कारण इथं खोटं लिहून उपयोग नाही — मोठी बोट काम करते आहे. ऐंशी पोती एका खेपेत. सत्यभामाबाईंचं घर दोन दिवसांत रिकामं झालं. त्यांची सून म्हणे पहिल्यांदा खाटेवर झोपली. मला बरं वाटलं. आणि मला बरं वाटलं याचाही राग आला.

२ नोव्हेंबर

दिवाळीत आमच्या नावेत एकूण सतरा माणसं बसली. कापूस शून्य.

मी रोज काठ बघते. काही नाही. पाणी स्वच्छ. धम्मरत्न म्हणतो, "पाय, काही झालं नाई ना? उगाच रान पेटवलं तू." हे म्हणताना त्याचा चेहरा असा मोकळा झाला की मलाही वाटलं, चुकले असेन मी. देव करो — आमच्यात देव नाही, पण लिहायची सवय — चुकलेलीच असू दे.

२४ नोव्हेंबर

चुकले नाही.

सिंदगव्हाणच्या उतारावर. मारोतरावची बोट लागते तिथून हाकेच्या अंतरावर. सूपभर चकती, आणि तिच्या मधोमध एक जांभळं फूल.

मी कमरेपर्यंत पाण्यात गेले. उपटली. मुळं धरून ओढावी तर बाजूच्या रोपाला दोर, त्या रोपाला पुढचा दोर. संपेचना. काठावर टाकली, दगडानं ठेचली. वेड लागल्यासारखी ठेचत होते. लखीराम बोटीवरून बघत होता. तो खाली उतरला आणि ठेचायला लागला.

२५ नोव्हेंबर

अजून चार ठिकाणी.

६ डिसेंबर

विहारात मेणबत्त्या. भाषण करणारे पाण्याच्या सत्याग्रहावर अर्धा तास बोलले. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, आपल्या धरणात जलकुंभी आली आहे, ती काढायला उद्या कोण येतं? सगळे खाली बघायला लागले. भाषण करणारे म्हणाले, "ताई, आजचा दिवस त्या विषयाचा नाही."

मग कोणता दिवस आहे त्या विषयाचा?

७ डिसेंबर

कोणी आलं नाही. बिजलीबाई आली. तांड्यावरची, सत्तरीची. तिला कोणी बोलावलंही नव्हतं. म्हणाली, "मह्या शेळ्या इथं पानी पेतात बाई."

दोघींनी दिवसभर काढली. तिच्या हाताला माझ्यापेक्षा जोर.

११ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी दहाच्या सुमारास आरडाओरडा. मारोतरावची मोठी बोट मधोमध थांबलेली. वाऱ्यानं काठची जलकुंभी सुटून आत आली होती, तिचा पट्टा पंख्यात गुंतला, इंजिन बंद. वारा वाढत होता. बोट आडवी फिरली आणि एका बाजूनं पाणी आत यायला लागलं. वर साठ-सत्तर पोती आणि नऊ माणसं. सत्यभामाबाई त्यात.

धम्मरत्ननं नाव सोडली. मी वल्हं घेऊन पुढं बसले. आमचं इंजिन आम्ही मुद्दाम बंद ठेवलं, नाहीतर आमचाही पंखा गेला असता. वल्हवत गेलो. हात सोलले. जवळ गेलो तर सगळे एकदम आमच्या नावेकडे झुकायला लागले. मी ओरडले, "बसा! एक जन बी उठला तं दोन्ही बुडतीन!" इतक्या जोरात की ते खरंच बसले.

बाया आधी घेतल्या. सत्यभामाबाई उठेनात. त्यांनी दोन्ही हातांनी पोतं धरलेलं. "माह्या सोयऱ्याच्या शेतातला हाये, मी कबूल केलं होतं नेऊन देतो म्हून." पोतं खालून ओलं झालं होतं, पाणी गळत होतं. मी त्यांची बोटं एक एक करून सोडवली. लखीराम शेवटी आला. त्यानं आधी पंचवीसेक पोती स्वतः पाण्यात ढकलली, म्हणून बोट वर राहिली.

दोन खेपा केल्या. माणूस एकही गेला नाही. कापूस सगळा ओला. पांढरी पोती पाण्यावर तरंगत होती, त्यांच्याभोवती हिरवी पानं.

काठावर मारोतराव उभा होता. मला त्याला मारायचं होतं. खरंच, हात उचलला होता मी. सत्यभामाबाई मध्ये आल्या म्हणून नाही मारला.

त्या एवढंच म्हणाल्या, "तू सांगत होती."

त्यानं काय होतं आता?

१३ डिसेंबर

आदेश आला. जलपर्णी पसरू नये म्हणून धरणातल्या सर्व बोटी पुढील सूचनेपर्यंत बंद. सर्व! आमचीसुद्धा!

ऑक्टोबरात एक बोट आठ दिवस अडवायला यांच्याकडे नियम नव्हता. आता पाच गावं बेमुदत अडवायला नियम कुठून सापडला? शाळेतली पोरं घरी बसली. तिकडं आता कापसाचा दुसरा वेचा घरात येतो आहे. औषध आणायला माणूस शेहेचाळीस किलोमीटर फिरून जातो.

आणि गाव कोणाला शिव्या देतं? मला! म्हणे हिनं तक्रार केली नसती तर सरकारचं लक्षच गेलं नसतं. पिठाच्या गिरणीवर बाया माझ्याकडे पाठ करून उभ्या. मी दळण तसंच घेऊन आले.

१४ डिसेंबर

नुसतं बंद करायला अक्कल लागत नाही. नुसतं सुरू ठेवायलाही लागत नाही. मधलं काही करायचं म्हटलं की सगळ्यांचे हात दुखतात!

१९ डिसेंबर

सत्यभामाबाई रस्त्यानं फिरून आल्या, सोबत सिंदगव्हाणच्या अकरा बाया. साड्या खोचून सरळ पाण्यात. "बंद करून घरी बसन्यापरीस काढून टाकू," म्हणाल्या. इकडच्या बाया काठावर उभ्या राहून आधी बघत होत्या. दुपारपर्यंत त्यातल्या सहा उतरल्या. लखीराम आणि त्याचे दोन भाऊ जुनं जाळं घेऊन आले — तरंगतं गवत जाळ्यानं घेरून काठाला ओढायचं. छान युक्ती.

काढलेली जलकुंभी काठापासून लांब, माळावर वाळवायची. पाण्याजवळ ठेवली तर परत जाते. हे मी सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. पहिल्यांदा.

३० डिसेंबर

पलीकडचा काठ त्या बायांनी तिकडून काढून जवळजवळ मोकळा केला. माझ्या पायाला चिखल्या झाल्या आहेत, चालवत नाही. पण मोकळा!

३ जानेवारी २००६

नरहरसाहेब स्वतः आले. पँट गुडघ्यापर्यंत वर करून काठानं फिरले. मग आमच्या ओट्यावर बसून बोलले.

त्यांनी वर प्रस्ताव पाठवला आहे. बोटी सुरू करायच्या, पण काठावर फरशीचा उतार बांधायचा. बाहेरून येणारी प्रत्येक बोट, प्रत्येक जाळं तिथं धुवायचं, आठ दिवस वाळवायचं, रजिस्टरला सही, मगच पाण्यात. कापसाच्या हंगामाआधी महिनाभर सगळ्या बोटी तपासायच्या, म्हणजे ऐन वेळी कोणाचं अडणार नाही.

"तुमचंच म्हणणं आहे," म्हणाले, "फक्त मी ते सरकारी भाषेत लिहिलं."

माझ्या डोळ्यात पाणी आलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा रागाशिवाय.

पण एक अट. जलकुंभी कोणी आणली ते चौकशीत ठरवायचं. ज्यानं आणली त्याच्या बोटीचा परवाना तीन वर्षं बंद. बारा तारखेला माझा जबाब आहे. बोट मी पाहिली, रोपं मी दाखवली, म्हणून मुख्य साक्ष माझी.

मारोतराव गेला आता! जाऊ दे! किती बरं वाटतं हे लिहिताना!

६ जानेवारी

मारोतराव घरी आला. कधी पायरी चढला नव्हता आमची. आत ये म्हटलं तर उभाच. पाणी दिलं, प्यायला.

"शीलाबाई, माही सगळी जमापुंजी त्या बोटीत हाये. मी तुमाले वाकडं बोललो, मान्य. थे पानी ओतलं, थेही मान्य. पन तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी सांध्यातली मुळं खरवडून जाळली होती. लखीरामले विचारा. थोडी राहून गेली असन. पन एवढी कशी झाली थे मले समजून नाई राह्यलं."

मी म्हटलं, एकच रोप पुरतं.

गेला. धम्मरत्न आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. मी म्हटलं, बघितलं, कसा नरमला! तर म्हणतो, "त्याच्या पोटावर कायले पाय देते? जबाबात आठवत नाई म्हून सांग."

आठवत नाही? मी? भांडण झालं. मी त्याला भित्रा म्हटलं. अजून बरंच म्हटलं.

१० जानेवारी

राहिलेली जलकुंभी आता फक्त आमच्या बाजूला, नाल्याच्या खोबणीत. तिथं झाडी आहे म्हणून इतके दिवस कोणी गेलं नव्हतं. आज बिजलीबाई आणि मी आत शिरलो. आणि बघते तो काय — जाड गादीच! वर उभं राहता येईल अशी. कमरेएवढी पानं. खालची मुळं सडून काळी झालेली. पलीकडची काल-परवाची वाटावी अशी ही जुनी.

बिजलीबाई विळा खाली ठेवून बघत राहिली.

"बाई, मारोतरावची बोट इथं कशी आली असन? हाताभर तं पानी हाये. थे लोखंड टेकते ना इथं."

"वाऱ्यानं आली असेल," मी म्हटलं.

"वारा तं इकून वायतो. इथून तिकडं जाते गवत, तिकून इथं नाई येत."

मी तिच्यावर खेकसले. बिचारीवर! ती विळा घेऊन कामाला लागली.

या खोबणीत एकच नाव बांधली जाते. पावसाळ्यात, वारा लागू नये म्हणून.

१२ जानेवारी

सकाळी विचारलं. धम्मरत्न नजर न उचलता म्हणाला, "गनपतीत नेलती. तू मायच्या डोयाच्या ऑपरेशनले गेलती तवा. शहरातल्या तलावावर, विसर्जनाले बोट पायजे होती त्याइले. ट्रॅक्टरवर नेली, दुसऱ्या रोजी आनून इथं बांधली. धुतली नाई. आन् मंग तू त्या बोटीवर अशी तुटून पडली — मी कवा सांगू?"

त्याच तलावात. मारोतरावच्या बोटीच्या पंधरा दिवस आधी.

अकरा वाजता जबाब दिला. दोन्ही बोटींचं लिहून दिलं, पहिली आमची. नरहरसाहेबांनी दोनदा विचारलं, "शीलाबाई, नक्की?" सही केली. आमच्या नावेचा परवाना काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

बाहेर बाकावर मारोतराव बसला होता. त्याला मीच सांगितलं. शिव्या देईल वाटलं. त्यानं फक्त सरकून बाकावर जागा केली.

मी बसले नाही.